नाशकात नवीन आलात आणि संध्याकाळी काय करायचं कळत नाहीये? मग हे वाचा

सातपूर-अंबडच्या कंपनीत नाहीतर एखाद्या आयटी ऑफिसात जॉईन झालेला मुंबई-पुण्याचा माणूस पहिल्याच आठवड्यात विचारतो, इथं नाईटलाईफ आहे का? मग बाजूचा नाशिककर एकतर "सुला" (इथली नावाजलेली वायनरी, म्हणजे वाइन बनवायची जागा) म्हणतो नाहीतर सरळ "नाही" म्हणतो आणि दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. रोज रात्री दोनपर्यंत उघडं असलेलं काहीतरी हवं असेल तर खरंच नाही, ते विसरा. पण हेच शहर दिवाळीच्या पाडव्याला पहाटे अंधारात नटूनथटून गाणं ऐकायला बसलेलं असतं, रंगपंचमीला भर चौकात रंगाच्या हौदात उड्या मारतं, नवरात्रात कालिकेच्या यात्रेत रात्रभर फिरतं. म्हणजे रात्री आहेत, फक्त त्या वारावर नाही तिथीवर चालतात, शनिवार-रविवार बघून प्लॅन केला की हमखास चुकतं.

सगळ्यात आधी कॅलेंडर काढा

मोबाईलमधलं नाही, भिंतीवरचं, तिथ्या असलेलं. नाशकात आधी महिना बघायचा मग ठिकाण ठरवायचं. जूनमध्ये वायनरीला गेलात तर वेलीवर एक द्राक्ष दिसणार नाही, कारण एप्रिलमध्ये खरड छाटणी (वेल खरडून कापायची) झालेली असते, मग ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची) होते आणि फळ हाताशी येतं ते जानेवारी ते मार्च. उलट मे महिन्यात बाहेर ऊन तापलेलं असतं पण संध्याकाळी गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, रोज एक वक्ता, उघड्यावर, फुकट.

दुसरं म्हणजे इथल्या पेपरची नाशिक आवृत्ती रोज चाळा, सकाळ, लोकमत, देशदूत कुठलाही घ्या. आत कुठंतरी बारीक अक्षरात आजचे कार्यक्रम म्हणून छापलेलं असतं. बुकिंग ॲपवर व्यावसायिक नाटकं आणि स्टँडअप दिसतात पण कथक, तबला, काव्यवाचन, चित्रप्रदर्शन यातलं निम्मं अर्धं तिथं येतच नाही, ते त्या चार ओळींत आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर असतं. एकदा कुठल्याही कार्यक्रमाला गेलात की बाहेर चहाच्या टपरीवर ओळख काढून ग्रुपमध्ये नंबर टाकून घ्या, पुढच्या वर्षभराची सोय होते.

नाटक, गाणं: तीन हॉल लक्षात ठेवा

शालिमारजवळ महाकवी कालिदास कलामंदिर आहे, महापालिकेचं. मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटकं दौऱ्यावर येतात ती इथं, बहुतेक शनिवार-रविवारी. गाडी घेऊन जाणार असाल तर अर्धा तास आधी निघा, शालिमारचं पार्किंग हा वेगळाच खेळ आहे, त्यापेक्षा सीबीएसपर्यंत (मध्यवर्ती बसस्थानक) बसने या आणि चालत जा.

दुसरं परशुराम साईखेडकर नाट्यगृह, सार्वजनिक वाचनालयाचं. हे वाचनालय १८४० चं आहे, नाशिककर त्याला सावाना म्हणतात. हॉल लहान आहे, पण शेवटच्या रांगेतूनही नटाचा चेहरा दिसतो, ते महत्त्वाचं. सावानाचं सभासदत्व पण घेऊन टाका, पुस्तकं तर मिळतातच पण कार्यक्रमांचे निरोप घरबसल्या येतात.

तिसरं गंगापूर रोडवरचं कुसुमाग्रज स्मारक. शिरवाडकरांना ज्ञानपीठ मिळालं १९८७ चं आणि त्यांचा वाढदिवस २७ फेब्रुवारी हा आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून पाळतो, त्या आठवड्यात इथं कार्यक्रमांची रीघ असते. एरवी पण संध्याकाळी सहज आत गेलात तर कुठल्यातरी हॉलमध्ये काहीतरी चालू असतंच, एखादं पुस्तक प्रकाशन, एखादी गझल मैफल, कधी कधी अगदी बोअर सत्कार समारंभ. सत्कार निघाला तर शांतपणे मागच्या मागे सटका, कुणी काही म्हणत नाही.

आता नवख्या माणसाला माझा खरा सल्ला: पहिल्यांदा महागडं व्यावसायिक नाटक बघू नका, राज्य नाट्य स्पर्धेची नाशिक केंद्राची प्राथमिक फेरी बघा, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास असते. तिकीट अगदी नाममात्र, चहा-वड्याच्या पैशात होतं, आणि रोज वेगळं नाटक. त्यातली काही फसलेली असतात हे मान्य, लाईट चुकीच्या वेळी जातो, कुणीतरी वाक्य विसरतं. पण वसंत कानेटकरांच्या गावात हौशी नाटक हा टाईमपास नाहीये, दत्ता पाटील, प्राजक्त देशमुख ही आज महाराष्ट्रभर गाजणारी लेखक मंडळी याच शहरातली. मधल्या सुट्टीत बाहेर येऊन लोक काय तावातावाने बोलतात ते ऐका, ते पण बघण्यासारखं असतं.

नाचगाण्यातलं कळत नसेल तरी एकदा कथकच्या कार्यक्रमाला जाऊन बसा, इथं कथकचे क्लास गल्लोगल्ली आहेत आणि कीर्ती कला मंदिरसारख्या संस्थांचे महोत्सव दर्जेदार असतात. आणि दिवाळीच्या पाडव्याची पहाट चुकवू नका. नेहरू चौकात पिंपळपारावर संस्कृती नाशिक ही संस्था पाडवा पहाट करते, मोठमोठे गायक येतात, तिकीट नाही. जागा पाहिजे असेल तर अंधारातच पोचायचं, उजाडल्यावर आलेले लोक गल्लीत उभे राहून ऐकतात.

गंगेवर जायचं म्हणजे कसं जायचं

नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात आणि गोदाघाटावर जाण्याला "गंगेवर चाललो". पहिल्यांदा जाताना भर दुपारी जाऊ नका. साडेपाच-सहाच्या सुमारास भांडी बाजारातून खाली उतरा, तांब्या-पितळेची दुकानं बघत बघत, सराफ बाजार ओलांडून रामकुंडावर या. संध्याकाळी गोदावरीची आरती होते, पायऱ्यांवर बसून बघता येते. गर्दी नको असेल तर नारोशंकराच्या देवळाकडे जा, तिथली ती मोठी घंटा बघा. बुधवारी घाटाजवळ आठवडे बाजार भरतो, भाजीपासून सुपल्या-टोपल्यांपर्यंत सगळं, कॅमेरावाल्यांनी बुधवारच धरावा. इथल्या चित्रकारांना या घाटाने पिढ्यान् पिढ्या कामाला लावलंय, शिवाजी तुपे यांची जलरंगातली निसर्गचित्रं कुठं बघायला मिळाली तर सोडू नका, आणि रविवारी सकाळी अजूनही पोरं बोर्ड घेऊन स्केचिंगला बसलेली दिसतात.

पावसाळ्यात सीन वेगळा. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं शहर एकच गोष्ट विचारतं, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? घाटावर मारुतीची मोठी मूर्ती आहे, पाणी गुडघ्याला की कमरेला की छातीला यावर पुराचा अंदाज. पूर बघायला लोक पुलावर गर्दी करतात, पोलीस हाकलतात, तुम्ही पण लांबूनच बघा आणि खालच्या पार्किंगला गाडी अजिबात लावू नका.

गुढीपाडव्याच्या आसपास गोदाघाटावरच्या पटांगणात महावादन असतं, शेकडो ढोल एकदम. नाशिक ढोल काय प्रकार आहे ते डीजेच्या मिक्समधून कळत नाही, छातीत वाजायला लागतं तेव्हा कळतं. वाजवायची हौस असेल तर गणपतीच्या दोन-अडीच महिने आधी पथकांचा सराव सुरू होतो, नवीन पोरापोरींना घेतात, ढोल कमरेला बांधून उभं राहण्याचीच सवय व्हायला आठवडा जातो. शिवाय नवीन गावात मित्र जमवायचा याच्यासारखा मार्ग नाही.

रामनवमीनंतर कामदा एकादशीला काळाराम मंदिराचा रथोत्सव असतो, रामरथ आणि गरुडरथ दोराने ओढतात, मानाचे बुवा रथाकडे तोंड करून उलटे चालतात, आणि सगळं आवरेपर्यंत रात्र होते. याच काळारामाच्या दारात २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला होता, त्यामुळे देऊळ बघायला जाल तेव्हा तेवढं डोक्यात ठेवून जा.

रंगपंचमी: यासाठी सुट्टी टाका

होळीच्या दुसऱ्या दिवशी नाशकात रंग खेळत नाहीत, नवीन माणूस पांढरा शर्ट घालून बाहेर पडतो आणि कोरडाच परत येतो. त्या दिवशी जुन्या नाशकात वीरांची मिरवणूक असते, बाशिंग बांधलेला दाजीबा वीर निघतो, तो बघा. रंग पाच दिवसांनी, रंगपंचमीला, आणि तो रहाडीत.

रहाड म्हणजे चौकात जमिनीखाली बांधलेला दगडी हौद, पेशवेकाळातला. वर्षभर वरून लाकडं-माती टाकून बुजवलेला असतो, तुम्ही त्याच्यावरून रोज स्कूटर नेत असाल तरी पत्ता लागणार नाही. रंगपंचमीच्या आधी उघडतात, साफ करतात, पूजा करतात, रंगाच्या पाण्याने भरतात, आणि प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. तिवंधा चौक, पंचवटीतला शनि चौक ही त्यातली नावाजलेली ठिकाणं. काठावरून पाण्यात धप्पा मारायचा, म्हणजे अंग सोडून अशी उडी की रंग चौकभर उडाला पाहिजे.

जाणार असाल तर हे करा: दुपारनंतर जा, मोबाईल घरी ठेवा नाहीतर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा, चप्पल पट्ट्याची घाला नाहीतर परत अनवाणी याल, आणि उडी मारायच्या आधी तिथल्या मंडळाच्या पोरांना विचारा, ते सांगतील कुठून मारायची. दारू पिऊन पाण्यात उतरू नका, बाकीचेच बाहेर काढतील. फार धक्काबुक्की वाटली तर एखाद्या वाड्याच्या ओट्यावरून नुसतं बघा, तेवढंही पुरतं.

आता वाइन

हो, सुला. गोवर्धनला, गंगापूर रोडने सरळ. १९९९ मध्ये राजीव समंत यांनी सुरू केलेली, आणि नाशिकच्या वाइनचं जे काही नाव झालं त्यात तिचा मोठा वाटा. पण शनिवारी-रविवारी दुपारनंतर तिथं मुंबईच्या गाड्यांची रांग असते. तुम्ही नाशकात राहताय ना, मग मंगळवार-बुधवार घ्या, थोडं लवकर सुटा आणि सूर्य मावळायच्या तासभर आधी पोचा. टूर घेतली की टाक्या, पिंपं दाखवतात आणि मग थोडी थोडी वाइन चाखायला देतात. चाखायचं म्हणजे एका दमात संपवायचं नाही, आधी वास घ्या, मग घोट तोंडात फिरवा. नवख्यांनी शेनिन ब्लांकने सुरुवात करावी, जरा गोडसर असते, शिराझ पहिल्यालाच घेतली की तोंड वाकडं होतं आणि मग माणूस वाइनला कायमचा नावं ठेवतो.

जवळच यॉर्क आहे आणि माझं वैयक्तिक मत विचाराल तर गंगापूर धरणाच्या पाण्यावरचा सूर्यास्त तिथून जास्त चांगला दिसतो. इगतपुरीच्या बाजूला ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने, दिंडोरीकडे शाँदों, ही वेगवेगळ्या दिशांना आहेत, एका दिवसात सगळी करायच्या फंदात पडू नका. जानेवारी ते मार्च हंगाम, तेव्हा द्राक्षं पायांनी तुडवायचे कार्यक्रम असतात, फोटोसाठी मजा येते, बाकी काही नाही. सुलाफेस्ट हा मोठा म्युझिक फेस्टिव्हल २००८ ला सुरू झाला, मध्ये काही वर्षं बंद होता आणि २०२५ मध्ये परत झाला, त्याची तिकिटं आधी काढावी लागतात आणि त्या दिवसांत हॉटेलांचे रेट बघून चक्कर येते. तुमचं घरच इथं आहे, तो खर्च वाचला, फक्त अचानक उगवणाऱ्या मित्रांचं काय करायचं ते तुम्ही बघा.

नियमांचं थोडं. ओळखपत्र जवळ ठेवा, वाइन-बिअरला २१ आणि हार्डला २५ वर्षं पूर्ण लागतात. २ ऑक्टोबरसारखे ड्राय डे असतात, मतदानाच्या आधी पण बंद असतं, लांबून पाहुणे बोलावण्याआधी तारीख तपासा. आणि गंगापूर रोडला रात्री नाकाबंदी असते, एकाने न पिता गाडी चालवायची हे घरातून निघतानाच ठरवा, तिथं पोचल्यावर ठरत नाही.

पब-लाउंज म्हणाल तर कॉलेज रोड, गंगापूर रोड, मुंबई नाका या पट्ट्यात आहेत, नावं दर दोन वर्षांनी बदलतात म्हणून देत नाही. शनिवारी लाईव्ह गिटारवाला, कराओके, कधी स्टँडअप, ठीक आहे. सिनेमाला मल्टिप्लेक्स आहेत. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरला जन्मले, १९४४ मध्ये नाशकातच गेले, आणि त्यांच्या गावातली जुनी एकपडदा थिएटरं एकेक करून बंद होत गेली, काय बोलणार.

शहराबाहेरच्या रात्री

खरं नाईटलाईफ बघायचं तर जिल्ह्यात फिरा. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या आदिवासी पाड्यांवर चैत्र-वैशाखात बोहाडा असतो. देवादिकांचे मोठमोठे मुखवटे, त्यांना सोंगं म्हणतात, घराण्याघराण्यात वाटून दिलेली, आणि संबळ-सनईच्या तालावर एकेक सोंग मशालीच्या उजेडात नाचत येतं. गणपती येतो, मारुती येतो, रावण येतो, आणि शेवटच्या रात्री मोठ्या बोहाड्याला देवी आणि महिषासुराची लढाई होते ती पहाटेपर्यंत. याची जाहिरात कुठंच नसते. ऑफिसमध्ये, कंपनीत त्या भागातलं कुणीतरी असतंच, त्याला विचारा आणि त्याच्याबरोबरच जा. फोटोला आधी परवानगी, तोंडावर फ्लॅश मारायचा नाही, मुखवट्याला हात लावायचा नाही, तो त्यांचा देव आहे. चादर, पाणी, टॉर्च न्या आणि रात्री घाटातून परत यायची घाई करू नका, सकाळी निघा.

संक्रांतीला येवला. पैठणीसाठी सगळे जातात, पण भोगी-संक्रांत-कर हे तीन दिवस अख्खं येवलं गच्चीवर असतं. लाकडी आसारी (मांजाची फिरकी) हातात, खाली हलकडीचा (चामड्याच्या वाद्याचा) बँड, आणि पतंग कटला की जो आरडाओरडा होतो त्यात कोण कुणाचा पाहुणा हे बघत नाहीत, गच्चीवर या म्हणतात. नायलॉन मांजा मात्र नेऊ नका, बंदी आहे आणि गळे कापतो. दुचाकीवरून जाणार असाल तर गळ्याला मफलर गुंडाळा.

चंपाषष्ठीला ओझरला खंडोबाची यात्रा, बारागाडे ओढतात, अंतर फार नाही, ऑफिस करून जाता येतं. पौष पौर्णिमेला मालेगावजवळ चंदनपुरीची यात्रा. अशा यात्रांमध्ये तमाशाची कनात लागते, ज्यांनी तमाशा फक्त सिनेमात बघितलाय त्यांनी एकदा खऱ्या ढोलकीसमोर बसावं, वगापर्यंत (शेवटच्या नाटकापर्यंत) थांबावं, नुसती गाणी बघून उठू नये. कोजागिरीला सप्तशृंगगडावर कावडी घेऊन लोक चालत जातात आणि तृतीयपंथीयांचा मोठा मेळा भरतो.

नवरात्रात तर लांब जायचंच कारण नाही. मुंबई नाक्याजवळ कालिका मंदिराची यात्रा नऊ दिवस, पाळणे, भेळ, बांगड्या, गर्दीत पाकीट पुढच्या खिशात ठेवा. रमजानमध्ये जुन्या नाशकात दूध बाजार रात्री उशिरापर्यंत उघडा असतो, पोटात जागा ठेवून जा.

खाणं आणि परत घरी येणं

मिसळ सकाळची असते, संध्याकाळी मागून नाशिककराला दुखवू नका. संध्याकाळी कॉलेज रोडला भेळ-पाणीपुरी, उलटा वडापाव, जुन्या गावात बुधा हलवाईची जिलेबी. नाटक सुटल्यावर जेवू म्हणाल तर उपाशी झोपाल, किचन लवकर बंद होतात, आधीच खाऊन जा किंवा हॉटेलला फोन करून ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत उघड्यावरच्या कुठल्याही कार्यक्रमाला स्वेटर लागतोच, निफाडचा पारा पेपरात रोज छापून येतो तो उगाच नाही. सिटीलिंकच्या बस दिवसा चांगल्या आहेत, रात्री उशिरा त्यांच्या भरवशावर राहू नका. रिक्षा मीटरने येणार नाही, बसायच्या आधी भाडं ठरवा, नाहीतर ॲपवरून कॅब बघा. पावसाळ्यात इगतपुरी-कसाऱ्याकडून रात्री येणार असाल तर धुक्यामुळे वेळ दुप्पट धरा.

आणि २०२७ ला सिंहस्थ कुंभमेळा आहे. आत्तापासूनच घाटाच्या आजूबाजूला कामं, खोदलेले रस्ते, बदललेले मार्ग दिसतील, त्यामुळे पंचवटीत जायच्या आधी त्या दिवशीची वाहतूक बघून घ्या. पर्वणीच्या (मुख्य स्नानाच्या) तारखांना पाहुणे येणारच, गाडी लांब लावायची तयारी ठेवा आणि त्यांना चालायचे बूट घालून यायला सांगा.